मागच्या शॉकअपचा गंजलेला बोल्ट घरी कसा बदलायचा

सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर अगदी सावकाश ओलांडतानाही मागून ‘टक्’ असा कोरडा, लोखंडी आवाज येत असेल, तर पहिला संशय कारच्या मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या, म्हणजे चाकाचे धक्के जिरवणाऱ्या शॉकअपच्या, खालच्या बोल्टावर घ्यावा. मुंबईत हा बोल्ट लवकर खराब होतो. चाकाने उडवलेलं पाणी थेट त्याच्यावर जातं, पावसाळ्याचे चार महिने तो ओलाच असतो, आणि वरळी, वर्सोवा किंवा दादर चौपाटीच्या बाजूला गाडी उभी राहत असेल तर उरलेले आठ महिने खारा वारा त्याला खातो. मिलन सबवे किंवा हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर विचारायलाच नको.

सस्पेन्शनमधलं एखादं काम नवख्याने घरी शिकायचं असेल तर ते हेच, असं माझं स्पष्ट मत आहे. बोल्ट बाहेरून दिसतो, पान्याला जागा मिळते आणि चाकांचं अलाइनमेंट बिघडत नाही. पुढच्या चाकांच्या वाटेला मात्र पहिल्याच खेपेला जाऊ नका. तिथे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र संच) आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) जोडणारे दोन बोल्ट ढिले केले की चाकाचा उभा कल बदलतो आणि अलाइनमेंट करावंच लागतं. लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या, बॉल जॉइंटला (गोल सांध्याला) आवळणारा बोल्ट चुकला तर चाकच निखळू शकतं. आणि स्ट्रटच्या डोक्यावरचं मधलं नट गाडीवर असताना कधीच सोडायचं नाही. त्याच्याखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, ती सुटली तर जीव जाऊ शकतो.

बोल्ट तिथे काय करतो

हे कळल्याशिवाय पाना हातात घेऊ नका, कारण पुढच्या प्रत्येक पायरीचं कारण यातच आहे.

शॉकअपच्या खालच्या टोकाला गोल डोळा असतो. त्यात रबराचं बुश आणि बुशच्या पोटात लोखंडी नळी. बहुतेक गाड्यांत ही नळी मागच्या बीमवरच्या (मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईवरच्या) ब्रॅकेटच्या दोन पत्र्यांमध्ये बसते आणि बोल्ट तिघांमधून आरपार जातो. बोल्ट आवळला की दोन्ही पत्रे नळीला करकचून दाबून धरतात. गाडी खाली-वर होते तेव्हा नळी जागची हलत नाही, फक्त रबर पिळतं आणि परत सरळ होतं. म्हणजे हा बोल्ट भिंतीतल्या खुंटीसारखं वजन पेलत नाही. तो पकड धरून ठेवतो आणि त्या पकडीतलं घर्षण सगळे धक्के सोसतं.

पकड सैल झाली की मग बोल्टाची खरोखर खुंटी होते. प्रत्येक खड्ड्यात तो थोडा वाकतो, थोडा सरकतो, आणि बहुधा नटाजवळच्या पहिल्या आट्यापाशी चिरत जातो. तुमच्या कानावर पडणारी ‘टक्’ ही त्याचीच हालचाल. काढलेला जुना बोल्ट उजेडात धरून पाहिलात तर ही सगळी हकिगत त्याच्यावर दिसते: मधला भाग तांबूस गंजलेला आणि जिथे ब्रॅकेटचे पत्रे टेकत होते तिथे दोन चकचकीत कडी. नख फिरवलं तर त्या कड्यांपाशी खाच लागते. बोल्ट तिथे घासत होता, म्हणजे पकड सुटलेली होती.

बोल्ट विकत घेताना

सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे गाडीच्या कंपनीचा असली बोल्ट आणि नट, पार्ट नंबर सांगून. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या परिसरात आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, नाहीतर शोरूमच्या पार्ट काउंटरवर मागवा. सीएसटी रोडवर भंगारातून काढलेले जुने भागही मिळतात. दरवाजाचं हँडल तिथून खुशाल घ्या, सस्पेन्शनचा बोल्ट नको. तो आधी किती ताणला गेलाय हे बघून कळत नाही.

असली बोल्ट मिळालाच नाही तर नागदेवी स्ट्रीट. ते शहरातलं नट-बोल्टचं मोठं मार्केट आहे. पण तिथे जाताना चार गोष्टी पक्क्या माहीत हव्यात.

पहिली, ग्रेड. बोल्टाच्या माथ्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. ८.८ चा बोल्ट साधारण ८०० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताणाला तुटतो आणि त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० ला, कायमचा ताणला जातो. १०.९ साठी हेच आकडे १००० आणि ९००. जुन्यावर जो आकडा आहे तोच घ्या, त्याच्या खालचा कधीच नाही. माथा कोरा असलेला बोल्ट गेटच्या बिजागरीला ठीक आहे, गाडीला नाही.

दुसरी, आटे. दुकानात सहज मिळणाऱ्या बोल्टांचे आटे जाड असतात. १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टावर दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर, १२ च्या बोल्टावर १.७५. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत मात्र बारीक, १.२५ चे आटे असतात. जुना नट हाती आला असेल तर तो खिशात टाकून न्या आणि दुकानातच नव्या बोल्टावर बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बघा; लॉकनट असेल तर त्याची पकड लागेपर्यंत.

तिसरी, लांबी आणि त्याहून महत्त्वाचा बिनआट्याचा गुळगुळीत भाग. नळी आणि ब्रॅकेटचे पत्रे या गुळगुळीत भागावर बसायला हवेत. टोकापासून माथ्यापर्यंत आटे असलेला बोल्ट घेतलात तर पत्र्याची कड आट्यांमध्ये घासत राहते आणि भोक मोठं होतं. आवळल्यावर नटाच्या बाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत.

चौथी गोष्ट, दुकानदार प्रेमाने पुढे करेल तो स्टेनलेसचा बोल्ट. “गंजणारच नाही साहेब,” हे तो खरंच सांगतो. पण नेहमीचा स्टेनलेस बोल्ट, ज्याच्यावर ए२-७० असं लिहिलेलं असतं, तो ४५० मेगापास्कललाच ताणला जायला लागतो. ८.८ च्या ६४० पुढे तो बराच कमजोर आहे. गंजाच्या भीतीने ताकद गमावू नका.

नट नवाच घ्या. मागच्या सस्पेन्शनला बहुतेक वेळा लॉकनट, म्हणजे आपोआप सैल न होणारा नट, असतो. नायलॉनची कडी असो की चेपलेलं तोंड, एकदा काढला की त्याची पकड कमी होते. नागदेवी रविवारी बहुतेक बंद असते, म्हणून काम रविवारी करणार असाल तर खरेदी आधीच उरका.

जागा आणि उचलणी

बोल्टपेक्षा यात जास्त धोका आहे, म्हणून इथे घाई नको.

मेकॅनिकल स्टॅक पार्किंगच्या पाटावर गाडी अजिबात उचलू नका. उताराच्या रॅम्पवरही नाही. पोडियम किंवा स्टिल्टखालची सपाट काँक्रीटची जागा उत्तम, सेक्रेटरींना आणि वॉचमनना आधी सांगून ठेवा. पेव्हर ब्लॉक असतील तर जॅक आणि स्टँड दोन्हींखाली जाड प्लायवूडचे तुकडे घाला, नाहीतर एकच ब्लॉक खचून स्टँड तिरका होतो. डांबर उन्हात मऊ पडतं, तिथेही तेच.

आता एक गोष्ट जी नवख्यांना हटकून माहीत नसते. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, आणि तुम्ही उचलणार आहात मागचीच बाजू. चाक हवेत गेलं की त्या बाजूच्या हँडब्रेकचा उपयोग संपला. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा विटा लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’ मध्ये. आपल्या बहुतेक लहान गाड्यांना पुढच्या चाकांकडून ओढ मिळते, त्यामुळे गिअर पुढची चाकं धरून ठेवतो.

गाडी जमिनीवर उभी असतानाच एक माप घ्या: मागच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ किती मिलिमीटर. कागदावर लिहून ठेवा. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर ती आहे तशीच राहू द्या, रोजच्या वजनाचं माप हवं आहे. शेवटी हे माप फार कामाला येईल.

मग चाकाचे नट जमिनीवरच अर्धा फेरा ढिले करा. ट्रॉली जॅकने मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी गाडी उचला आणि दाराखालच्या कडेला असलेल्या खाचेच्या जागी जॅक स्टँड द्या. गाडी हळूच स्टँडवर बसवा, हाताने जोरात हलवून बघा, मगच चाक काढा. काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर टेकेल. गाडीसोबत येणारा कात्रीवाला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

दुसरा जॅक, इथे कात्रीवाला चालेल, लाकडाचा ठोकळा ठेवून बीमच्या टोकाखाली लावा. हा आधार फार गरजेचा आहे. बऱ्याच गाड्यांत बीमला खाली लोंबकळण्यापासून शॉकअपच अडवतो. बोल्ट निघाला आणि बीम सटकन खाली गेली तर स्प्रिंग जागेवरून निसटते आणि ब्रेकचा रबरी पाइप व एबीएसची (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर ओढली जाते.

सोडवायला सुरुवात

खरं म्हणजे ही सुरुवात दोन-तीन दिवस आधी व्हायला हवी. तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे घासून स्वच्छ करा आणि गंज सोडवणारा स्प्रे नटाच्या बुडाशी व नळीच्या दोन्ही तोंडांना मारा. रोज रात्री एकदा मारत राहा. तेल आत झिरपायला वेळ घेतं, तो वेळ त्याला द्या.

पाना लावताना सहा कोनांचाच सॉकेट वापरा. बारा कोनांचा पटकन बसतो, पण गंजलेल्या माथ्याचे कोपरे तोच खातो. एका बाजूला रिंग पाना अडकवून बोल्टाचा माथा धरा आणि दुसऱ्या बाजूने लांब दांड्याने नट फिरवा. काही गाड्यांत नट ब्रॅकेटलाच वेल्ड केलेला असतो, तिथे माथा फिरवावा लागतो. जोर सावकाश, सलग आणि स्वतःकडे ओढत लावा. दांड्यावर पाय देऊन उड्या मारणं म्हणजे स्टँडवरून गाडी पाडायला आमंत्रण. नट जराही हलत नसेल तर आधी किंचित आवळायच्या दिशेने जोर द्या, मग परत सोडा. गंजाचा थर असाच तडकतो.

हात लावून बघत असताना एक खूण ओळखायला शिका. बोल्ट थोडा फिरतो आणि पाना सोडला की स्प्रिंगसारखा परत मागे येतो. याचा अर्थ आटे सुटलेत पण बोल्टाची दांडी नळीला चिकटलीय, आणि तुम्ही फक्त बुशचं रबर पिळताय. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे नळीत तो पाचरीसारखा घट्ट बसतो. अशा वेळी नट थोडा सोडून बोल्टाच्या टोकाशी सपाट येईल इतका ठेवा, म्हणजे आटे ठेचले जाणार नाहीत, आणि पितळी हातोड्याने किंवा मध्ये पितळेचा तुकडा धरून टोकावर ठोका. मध्येच पुन्हा स्प्रे, पुन्हा थोडं फिरवणं, पुन्हा ठोके. डोळ्याला चष्मा हवाच. गंजाचा कण डोळ्यात गेला तर काम तिथेच संपतं.

माथ्याचे कोपरे गेले असतील तर एक मिलिमीटर लहान सॉकेट हातोड्याने ठोकून बसवा, किंवा खास गोल झालेल्या माथ्यांसाठी मिळणारा एक्स्ट्रॅक्टर सॉकेट आणा.

आग मात्र कुठल्याही परिस्थितीत नाही. गॅरेजात गॅसच्या टॉर्चने नट लाल करून सोडवतात, ते तुम्ही पाहिलं असेल. लहान गाड्यांची पेट्रोलची टाकी बहुधा मागच्या सीटखाली, म्हणजे या बोल्टाच्या शेजारीच असते, आणि मुंबईतल्या कितीतरी गाड्यांच्या डिकीत सीएनजीचा सिलिंडर. ग्राइंडरच्या ठिणग्यांनाही हाच नियम. कापायची वेळ आलीच तर हॅकसॉचं पातं बुश आणि पत्र्याच्या फटीत घालून हाताने कापा, दोन्ही बाजूंनी. पण कापलेला तुकडा बुशमध्येच अडकतो आणि शॉकअपही बदलावा लागतो, तोही डावा-उजवा जोडीने. वेल्ड केलेल्या नटात बोल्ट तुटला तर तिथेच थांबा. ते मशिनवाल्याचं काम आहे. आणि तुटक्या किंवा काढलेल्या बोल्टाने गाडी स्वतः चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा किंवा टोइंग करा.

नवा बोल्ट बसवण्याआधी

बोल्ट निघाला की लगेच नवा घालू नका. ब्रॅकेटची भोकं टॉर्चच्या उजेडात बघा. गोल असतील तर छान. लांबट झाली असतील तर नवा बोल्ट काही दिवसांत परत सैल होणार. पत्र्याचं काम आधी चांगल्या वेल्डरकडून व्हायला हवं. बुशचं रबर नळीपासून सुटलंय का, शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ आहे का, हेही आत्ताच बघून घ्या, परत सगळं उघडण्यापेक्षा बरं.

नळी आतून गोल तारेच्या ब्रशने साफ करा. बोल्टाच्या फक्त गुळगुळीत भागावर अँटिसीझ पेस्टचा (गंजून चिकटू न देणाऱ्या लेपाचा) पातळ थर द्या, म्हणजे पुढच्या वेळी हीच झटापट होणार नाही. आट्यांवर, मॅन्युअल सांगत नसेल तर, काही लावू नका. तेलकट आट्यांवर घर्षण कमी होतं आणि टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणारा पाना) तोच आकडा दाखवत असतानाही बोल्ट जास्त ताणला जातो. पेस्ट बुशच्या रबरावर जाऊ देऊ नका.

आता बीमखालचा जॅक अगदी थोडा थोडा वर-खाली करून भोकं जुळवा. गॅस भरलेला शॉकअप मोकळा झाला की आपोआप लांब होतो, त्याला हाताने दाबून जागेवर आणावं लागेल. सगळं नीट जुळलं की बोल्ट बोटांनी आत सरकतो, त्याला ठोकावं लागत नाही. जुना ज्या बाजूने घातलेला होता त्याच बाजूने नवा घाला. साधा नट पहिले चार-पाच फेरे बोटांनीच फिरला पाहिजे; लॉकनट असेल तर त्याची पकड लागेपर्यंत. अडला तर आटे तिरके बसताहेत, काढा आणि परत लावा.

शेवटचं आवळणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, गॅरेजातही. चाक लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर नळी त्या लोंबकळत्या अवस्थेत पकडली जाते. गाडी खाली उतरवली की रबर पिळलेल्या स्थितीतच कायम राहतं. उभ्या गाडीतही त्याला आराम नाही, आणि बुश काही महिन्यांत फाटतं.

म्हणून आधी नट फक्त हलकासा घट्ट करा. मग बीमखालचा जॅक सावकाश वर घ्या आणि कागदावर लिहिलेलं माप परत येईपर्यंत बीम उचला. चाक काढलेलं आहे, तेव्हा माप हबच्या मध्यापासून घ्यायचं. गाडी स्टँडवरून उचलली जाते असं वाटलं तर तिथेच थांबा. अशा वेळी चाक लावून, गाडी जमिनीवर उतरवून, मागच्या बाजूने हात घालून आवळणं जास्त चांगलं. बऱ्याच गाड्यांत तेवढी जागा मिळते.

टॉर्कचा आकडा तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या. दुसऱ्या गाडीचा आकडा, मित्राचा अंदाज, ‘हाताला लागेल तेवढं’ यातलं काही चालत नाही, कारण पकड किती बसते ते या आकड्यावरच ठरतं. टॉर्क रेंच सावकाश ओढा, एक ‘टिक्’ ऐकू आली की बस. दुसऱ्या टिकसाठी परत ओढू नका.

चाकाचे नट ताऱ्याच्या आकृतीत, म्हणजे एक सोडून समोरचा असे आवळा आणि गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचने पक्के करा. लहान गाड्यांत हा आकडा साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, नेमका तुमच्या मॅन्युअलमध्ये मिळेल.

शेवटी नट आणि ब्रॅकेटच्या पत्र्यावरून एक सरळ रेघ पांढऱ्या पेंटने ओढा. आधी सोसायटीतच, मग जवळच्या स्पीडब्रेकरांवरून गाडी हळू फिरवा, काचा खाली करून कान मागे ठेवून. शंभरेक किलोमीटर झाल्यावर परत वाकून रेघ बघा. ती अखंड असेल तर बोल्टाला हात लावू नका. नटावरची रेघ पत्र्यावरच्या रेघेपासून सरकली असेल तर नुसतं परत आवळून गाडी पळवू नका. बोल्ट काढा आणि भोकं, नळीची लांबी व नट पुन्हा तपासा, कारण बरोबर ग्रेडचा, बरोबर आवळलेला बोल्ट एवढ्या लवकर आपोआप सैल होत नाही.